मैदानावरचा रोजचा माणूस

नावाजलेल्या खेळाडूने स्वतःच्या नावाने संस्था काढायची आणि खेळाच्या आधाराने गरीब मुलांना उभे करायचे, ही रीत आता जगभर रुळली आहे. बास्केटबॉल त्यात पुढे आहे. आफ्रिकेतल्या राजधान्यांपासून अमेरिकेतल्या उजाड कारखाना-शहरांपर्यंत या खेळातल्या श्रीमंत माणसांनी शाळा, दवाखाने, मैदाने आणि शिबिरे उभी केली आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधसारख्या गावातून या साऱ्या कामाकडे पाहिले की एक प्रश्न इतर सगळ्या प्रश्नांच्या आधी उभा राहतो. शिबिर उठते, टी-शर्ट वाटून होतात, फोटो निघतात, पाहुण्यांची गाडी कोहमाऱ्याच्या फाट्याकडे निघून जाते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर कोण असते?

माझे म्हणणे या प्रश्नाच्या उत्तराभोवतीच फिरते. मुलांना उभे करतो तो रोज ठरल्या वेळी मैदानावर येणारा माणूस. त्याला शिकवण्याचे शिक्षण मिळालेले असते. मुलांची नावे, घरे आणि दुखणी ठाऊक असतात. खेळ हे त्याच्या हातातले साधन. म्हणून खेळाडूंच्या संस्थांनी, कंपन्यांनी आणि सरकारनेही ग्रामीण भागात खेळावर खर्च करताना पहिला पैसा या माणसाच्या पगारावर घालावा, आणि तो किमान दहा वर्षांसाठी बांधून द्यावा. इमारत, साहित्य, स्पर्धा आणि मोठ्या नावाची भेट या गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

नवेगाव बांध हे नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते तलावामुळे आणि जंगलामुळे. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून या परिसराची ओळख मराठी वाचकाला घरबसल्या झाली. पण पर्यटक तलावाच्या पाळीवर उभा राहून पाखरे पाहतो तेव्हा त्याच्या मागच्या रस्त्याने सायकलवर शाळेत जाणारी पोरे त्याला फारशी दिसत नाहीत. त्यांचे वर्ष धानाच्या हिशेबाने चालते. आषाढात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा. पूर्व विदर्भातली अनेक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि त्या काळात मुलांची शाळा कधी आजीच्या भरवशावर चालते, कधी सुटते. गोंड, हलबा, ढिवर, कोहळी, दलित अशा अनेक समाजांची ही मुले आहेत. गोठणगावजवळ १९७२ साली वसलेल्या तिबेटी वसाहतीतली मुलेही याच तालुक्यात वाढतात.

या मुलांना खेळाची गोडी लावावी लागत नाही. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत कोणत्याही डांबरी रस्त्यावर पहाटे उभे राहावे. पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे आणि पोरी काळोखात धावताना दिसतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. कोणी अनवाणी, कोणी बाजारातल्या स्वस्त बुटांत, हातात मोबाइलचे स्टॉपवॉच. नडगी दुखायला लागली तर तेल चोळतात आणि तशीच धावतात, कारण ते दुखणे का होते आणि किती दिवस थांबायचे हे सांगणारे जवळ कोणी नसते. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी आदिवासी विकास विभागाच्या मोहिमेतून एव्हरेस्टचे शिखर गाठले. अंगातली ताकद आणि जिद्द या भागात आधीपासून होती. त्या वर्षी भर पडली ती महिनोन्‌महिने नेटाने दिलेल्या प्रशिक्षणाची. उणीव कशाची आहे, हे याहून स्पष्ट कोणी सांगायला नको.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल या भागात रुजलेले आहेत. पोलीस दलही दुर्गम गावांसाठी त्याच खेळांच्या स्पर्धा भरवते. विदर्भाला स्वतःची व्यायामपरंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. मग इथे बास्केटबॉल कशाला?

कबड्डी काढून तिच्या जागी बास्केटबॉल आणावा, असे मी म्हणत नाही. पण या खेळात काही गुण आहेत आणि ते शाळकरी मुलांच्या उपयोगाचे आहेत. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नायस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने तो बनवला तो मुळी शिकवण्याच्या गरजेतून. हिवाळ्यात मुलांना आत, थोड्या जागेत, एकमेकांना न आदळता खेळवायचे होते. त्याने पीचच्या टोपल्या उंच टांगल्या आणि चेंडू हातात घेऊन पळायला मनाई केली. त्यामुळे खेळाडूला चेंडू सोडावाच लागतो, दुसऱ्याला द्यावाच लागतो. एका चेंडूवर दहा मुले खेळतात. पूर्ण मैदान अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद. टोकियो ऑलिंपिकपासून मान्यता मिळालेल्या तीन-तीन खेळाडूंच्या प्रकाराला तर एकच बास्केट आणि पंधरा बाय अकरा मीटरची जागा पुरते. एकटे मूलही तासभर बास्केटवर नेम धरत बसू शकते आणि आपण सुधारतो आहोत हे त्याला स्वतःलाच दिसते. मुली आणि मुले एकत्र सराव करू शकतात. तिबेटी निर्वासितांच्या शाळांत हा खेळ आवडीने खेळला जातो, हे या तालुक्याच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. गोंड मुलगी आणि तिबेटी मुलगी एका संघात येतील, अशी जागा आजच्या गावगाड्यात सहज सापडत नाही.

तरीही खेळाच्या अंगच्या गुणांवर सारे सोडून देता येत नाही. खेळ आपोआप चांगली माणसे घडवतो, हा समज खेळाडू, पुढारी आणि शाळामास्तर या सगळ्यांना प्रिय आहे. स्कॉटलंडमधले अभ्यासक फ्रेड कोल्टर यांनी अनेक वर्षे याच समजाची तपासणी केली. त्यांचा रोख असा, की खेळाचा परिणाम तो कोण, कसा आणि कोणत्या वातावरणात शिकवतो यावर ठरतो. अमेरिकेत १९८६ साली मेरिलँडमध्ये रात्रीच्या बास्केटबॉलचा उपक्रम सुरू झाला. रात्री दहानंतर तरुणांसाठी मैदान उघडे ठेवायचे, म्हणजे ते रस्त्यावर राहणार नाहीत, ही त्यामागची कल्पना. ती देशभर पसरली आणि १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या वेळी तिच्यावरून संसदेत मोठा वाद झाला. नुसते मैदान उघडल्याने गुन्हे घटले, असे पुढच्या अभ्यासांना ठामपणे दाखवता आले नाही. आपल्याकडेही वाईट शिकवणारा मुलांचा आत्मविश्वास तोडतो, जातीवरून संघ निवडतो, मुलींना पाणी भरायला पाठवतो. तोच खेळ आणि तीच जागा, निकाल मात्र उलटा.

खेळाडूंच्या दानधर्माकडेही याच नजरेने पाहायला हवे. २०१३ साली ईएसपीएन या क्रीडावाहिनीने नामांकित खेळाडूंनी काढलेल्या ११५ संस्थांचे कामकाज तपासले. त्यांपैकी ७४ टक्के संस्था चांगल्या कारभाराच्या एका ना एका कसोटीला उतरल्या नाहीत. खेळाडू मैदानावर जग जिंकतो, पण संस्था चालवणे हे निराळे कौशल्य आहे. ते नातेवाइकांवर आणि मित्रांवर सोपवून येत नाही.

ज्यांना हे साधले त्यांच्याकडून मात्र पुष्कळ शिकता येते. काँगोमध्ये जन्मलेले डिकेम्बे मुटोम्बो एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीतले उंचपुरे बचावपटू. त्यांच्या आईला वेळेवर दवाखान्यात पोहोचता आले नाही आणि ती गेली. मुटोम्बोंनी स्वतःच्या कमाईतले सुमारे दीड कोटी डॉलर घातले, इतरांकडून मदत जमवली आणि २००७ साली किन्शासात आईच्या नावाने तीनशे खाटांचे रुग्णालय उभे केले. बास्केटबॉलवर मिळालेला पैसा त्यांनी बास्केटबॉलवरच खर्च केला पाहिजे असे मानले नाही. माझ्या गावाला काय हवे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. २०२४ मध्ये ते वारले, रुग्णालय उभे आहे.

दक्षिण सुदानचे लुओल डेंग यांची वाट वेगळी. ते लहानपणी निर्वासित म्हणून देशाबाहेर पडले, एनबीएत खेळले आणि निवृत्त झाल्यावर आपल्या नव्या देशाच्या बास्केटबॉल महासंघाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. २०११ साली जन्मलेला हा देश. तिथे संघाला सरावासाठी धड बंदिस्त मैदान नव्हते. डेंग यांनी पदरचे पैसे घालून जगभर विखुरलेले खेळाडू गोळा केले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकआधी झालेल्या सराव सामन्यात या संघाने अमेरिकेला शेवटच्या क्षणांपर्यंत झुंजवले आणि तो १०१ विरुद्ध १०० असा एका गुणाने हरला. मग पॅरिसमध्ये त्याने प्वेर्तो रिकोला हरवले. डेंग एखाद्या समारंभापुरते आले नव्हते, वर्षानुवर्षे तिथेच गुंतून राहिले.

लेब्रॉन जेम्स यांचे उदाहरण आणखी नाजूक आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवे. २०१८ साली त्यांनी आपल्या ॲक्रन गावी तिथल्या सरकारी शाळाव्यवस्थेबरोबर एक शाळा सुरू केली. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांनाच तिथे घेतले. पालकांना शिकता येईल अशी सोय केली, घरी न्यायला अन्नधान्य दिले, पुढे महाविद्यालयाच्या शुल्काची हमी दिली. २०२३ साली समोर आले, की आठवीत जाणाऱ्या तिथल्या तुकडीतले एकही मूल तिसरीपासून राज्याच्या गणिताच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले नाही. हे ऐकून हिणवणारे हिणवून मोकळे झाले. मला त्यातून दुसरे दिसते. जगप्रसिद्ध खेळाडू आणि भरपूर पैसा मागे असतानाही गणित शिकवायला चांगला गणितशिक्षक लागतो, आणि मागे पडलेल्या मुलाला वर आणायला अनेक वर्षे लागतात. नावाने दार उघडते. आत रोज शिकवणारा बसलेला नसेल तर उघडलेले दार फार काही देत नाही.

यासाठी इतक्या दूर जायचीही गरज नाही. गोंदियाहून हावडा मार्गाने पूर्वेकडे निघाले की आमगाव, सालेकसा, मग छत्तीसगडातले डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाई. भिलाईत राजेश पटेल नावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी छत्तीसगडच्या गरीब घरांतल्या, कित्येक आदिवासी घरांतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवला आणि त्यांच्या राहण्या-जेवण्याची, शाळेची काळजी वाहिली. नव्याने झालेल्या त्या लहान राज्याच्या मुली राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे पदके घेऊ लागल्या. त्यांतल्या अनेकींना रेल्वेत नोकऱ्या लागल्या आणि त्या नोकरीने अख्खी घरे सावरली. पटेल २०१८ साली गेले. राजनांदगावचे नावही देशाच्या मुलींच्या बास्केटबॉलमध्ये आदराने घेतले जाते. हा जिल्हा गोंदियाला लागून आहे. तोच पाऊस, तेच धान, बरीचशी तीच माणसे. सीमेच्या पलीकडे हे झाले, कारण तिथे शिकवणारी माणसे दशके टिकून राहिली.

मुंबईच्या नागपाड्याची गोष्टही हेच सांगते. दाटीवाटीच्या, कष्टकरी मुसलमान वस्तीत मस्तान वायएमसीएच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल खेळला गेला. तिथून आलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या मैदानाने रेल्वेला आणि इतर आस्थापनांना खेळाडू दिले, मुंबईतल्या शाळांना प्रशिक्षक दिले. मोठ्या भावाने धाकट्याला शिकवायचे, निवृत्त खेळाडूने संध्याकाळी परत मैदानावर यायचे, अशी तिथली रीत.

नागपूरचे विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ साली पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुले त्यांनी पाहिली, त्यांना फुटबॉल दिला, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. निवृत्तीनंतर मिळालेला पैसा त्यांनी नागपूरजवळ बोखारा इथे मैदानासाठी जमीन घेण्यात घातला. २०१६ साली या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटातून ही गोष्ट घरोघर पोहोचली. चित्रपटात काही तासांत जे दिसते त्यामागे बारसे सरांची वीस वर्षांची रोजची हजेरी आहे. ते कोणी जगप्रसिद्ध खेळाडू नव्हते, शिक्षक होते.

आता या साऱ्याच्या शेजारी ऑक्टोबर २०१९ ठेवून पाहू. मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएचे दोन संघ, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रॅमेंटो किंग्ज, भारतात पहिल्यांदा खेळले. पहिला सामना पाहायला सुमारे तीन हजार शाळकरी मुले होती. त्यांचा आनंद खरा होता आणि तो मी कमी लेखणार नाही. पण त्याच साखळीने २०१३ पासून रिलायन्स फाउंडेशनबरोबर शाळांत जो कार्यक्रम चालवला, त्यातला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा भाग मला त्या सामन्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. सामना एका संध्याकाळचा. शिकलेला शिक्षक निवृत्त होईपर्यंत वर्गामागून वर्ग घडवतो.

रोजचा माणूस म्हणजे नेमके काय, हे नवेगाव परिसरातल्या एकाच गोष्टीवरून दाखवतो. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आदिवासी आणि दलित समाजांत विशेष. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, पाठीत, पोटात असह्य कळा येतात. अंगातले पाणी कमी झाले, ऊन लागले, फार दमले की हा त्रास उफाळतो. आता आपल्या शाळांतली एक जुनी सवय आठवा. मूल उशिरा आले की शिक्षा काय? मैदानाला दहा फेऱ्या. एप्रिलच्या उन्हात सिकलसेल असलेल्या मुलाला दिलेली ही शिक्षा त्याला दवाखान्यात नेऊ शकते. एरवी तेच मूल ‘आळशी’ म्हणून संघाबाहेर बसवले जाते, कारण ते लवकर थांबते.

जाणत्या प्रशिक्षकाचा सराव वेगळा दिसतो. सराव सुरू होण्याआधी प्रत्येकाच्या बाटलीत पाणी आहे का, हे तो बघतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्यांनाच सावलीत थांबवतो, म्हणजे थांबणारे मूल वेगळे पडत नाही. कोणाची तपासणी झाली आहे, कोण पीडित आहे, कोण केवळ वाहक आहे, हे त्याला आरोग्य केंद्राकडून आणि पालकांकडून ठाऊक असते आणि ते तो चारचौघांत बोलत नाही. ज्याला धावणे झेपत नाही त्याला तो बास्केटवर नेम धरण्याचा सराव देतो, गुणलेखन आणि पंचगिरी शिकवतो. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आहे. त्याच्या तपासणी शिबिराकडे न फिरकणारी किशोरवयीन पोरे मैदानावरच्या सरांच्या शब्दाखातर रक्त द्यायला जातील. हे ज्ञान परदेशातून आलेल्या शिबिराच्या पुस्तिकेत नसते. ते या मातीत राहून येते.

मुलींच्या बाबतीत या माणसाची गरज दुप्पट आहे, आणि तिथे ती बाई असणे बरे. सातवी-आठवीनंतर मुलीचे मैदानावर येणे कमी होते. संध्याकाळी परतायला उशीर होतो, चड्डी घालायची लाज वाटते, पाळीच्या दिवसांत काय करावे हे कोणी सांगत नाही, घरी धाकटे भावंड असते. ‘आता ती मोठी झाली’ एवढ्या एका वाक्यात तिचा खेळ संपतो. अशा वेळी घरी जाऊन आईशी बोलणारी, अंधार पडायच्या आत सराव संपवणारी, कोणती मुलगी कोणाबरोबर घरी जाईल हे पाहणारी मॅडम असली तर चित्र बदलते. इथेच आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. प्रशिक्षकाच्या हाती मुलांवर मोठी सत्ता असते आणि तिचा गैरवापर होतो. म्हणून नेमणुकीआधी चौकशी, एकट्या मुलाला बंद खोलीत न भेटण्याचा नियम, तक्रार ऐकायला गावातल्या दोन बायका, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्याची माहिती मुलांनाही देणे, या अटींशिवाय कोणत्याही संस्थेने एक रुपयाही देऊ नये.

पैशाचा हिशेब अवघड नाही. समजा एका प्रशिक्षकाला महिना पंचवीस हजार दिले, तर वर्षाला तीन लाख होतात. एक पुरुष आणि एक स्त्री असे दोघे नेमले तर सहा लाख, आणि दहा वर्षांचे साठ लाख. त्यात पगारवाढ, चेंडू, प्रवास आणि वर्षातून एकदा उजळणीचे प्रशिक्षण मिळवले तरी एका मोठ्या कंपनीला हा भार जाणवण्यासारखा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले आहे, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्टपणे आहे. माजी खेळाडूला प्रशिक्षक नेमून जिल्ह्यात केंद्र चालवण्याची सोय ‘खेलो इंडिया’ योजनेतही आहे. अडचण पैशाची नसून पैसा कशावर दिसतो याची आहे. इमारतीवर नावाची पाटी लागते, पगारावर लागत नाही. देणाऱ्याने हा मोह सोडला पाहिजे.

पण बाहेरच्या पैशावर उभे राहिलेले काम गावाचे होते का? या प्रश्नाचे उत्तर नवेगावच्या तलावात आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असे सांगतात. भंडारा-गोंदिया पट्ट्यात कोहळी समाजाच्या जाणकारीवर असे हजारो तलाव झाले. बांध एकदा घातला की काम संपत नसे. दरवर्षी पाळ दुरुस्त करायची, पाट साफ करायचे, पाणी कोणाच्या बांधीला आधी आणि कोणाच्या नंतर हे ठरवायचे, यासाठी गावाची व्यवस्था असे. १९५१ नंतर मालगुजारी संपून हे तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्यात अन्याय होताच. पण तिच्याबरोबर रोजची देखभाल करणारी व्यवस्थाही गेली, तिच्या जागी नवी उभी राहिली नाही, आणि हे माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’, तलाव गाळाने भरत गेले. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांना बरोबर घेऊन, त्यांच्याच माहितीच्या आधाराने, काही तलाव पुन्हा जिवंत केले. मैदानाचेही तसेच आहे. ते बांधून देणारा मोठा, पण टिकवणारी व्यवस्था गावची हवी.

गाव अशी व्यवस्था चालवू शकते का, अशी शंका घेणाऱ्याने दिवाळीनंतर झाडीपट्टीत यावे. गावोगावची मंडळे मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर चालणारी नाटके ठेवतात, वडशाहून नाट्यमंडळी बोलावतात, मंडप घालतात, तिकिटे विकतात, हिशेब ठेवतात. हजारो माणसे पैसे मोजून थंडीत बसतात. ज्याला हे गाव आपले मानते त्यासाठी ते खिशात हात घालते. म्हणून मैदानाची समिती ग्रामसभेत ठरावी, तिच्यात अर्ध्या बायका असाव्यात, वर्षाचा हिशेब गावासमोर वाचला जावा. प्रशिक्षकाच्या पगारातला लहानसा वाटा पाचव्या-सहाव्या वर्षापासून गावाने उचलावा. वेळापत्रक धानाच्या आणि तेंदूच्या हंगामाकडे पाहून बनवावे. सिमेंटचे सपाट मैदान झाले की कापणीनंतर लोक त्यावर धान वाळत घालणार. ते अतिक्रमण मानून भांडण करण्यापेक्षा तेवढे पंधरा दिवस आधीच शेतकऱ्यांना देऊन टाकावेत आणि त्या काळात मुलांना शाळेच्या पटांगणात धावण्याचा, उड्यांचा सराव द्यावा. जे मैदान गावाच्या कामाला येते, त्याला गाव कुलूप लावू देत नाही.

आणखी दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, यातून पदके किती येणार? कदाचित एकही नाही. शाळकरी वयात बास्केटबॉल खेळणाऱ्या हजारांतून देशासाठी खेळणारा एखादाच निघतो. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या निवडीत आला, पण असे उदाहरण दाखवून सगळ्या पोरांना आशेला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. कार्यक्रमाचे मोजमाप वेगळे हवे. दहावीपर्यंत किती मुली टिकल्या, हंगामात बाहेरगावी गेलेली किती मुले परत वर्गात आली, किती जणांची सिकलसेल तपासणी झाली, किती खेळाडू स्वतः पंच किंवा प्रशिक्षक झाले. सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण काहींच्या कामी येईल, आणि यावे. तरी जे कोठेच निवडले जाणार नाहीत त्या मुलांसाठी हे काम आधी आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे सरकारचे काम नाही का? आहेच. प्रत्येक शाळेला आणि आश्रमशाळेला पूर्णवेळ शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मिळणे हा मुलांचा हक्क आहे, आणि दानातून हक्काची जागा कायमची भरून काढता येत नाही. युनेस्कोने १९७८ सालीच शारीरिक शिक्षण आणि खेळ हा सर्वांचा मूलभूत हक्क मानला. म्हणून खेळाडूंच्या संस्थांकडे माझी मागणी दुहेरी आहे. दहा वर्षे त्यांनी प्रशिक्षक पोसावा आणि त्याच दहा वर्षांत आपले वजन वापरून सरकारकडून ती पदे मंजूर करून घ्यावीत. मंत्री सामान्य पालकाला तासन्‌तास ताटकळत ठेवतो, ऑलिंपिकपटूला लगेच भेटतो. खेळाडूच्या प्रसिद्धीचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी २००१ साली ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट काढून वरच्या टोकाच्या खेळाडूंसाठी जे घडवले, तेवढीच चिकाटी आता खालच्या टोकाला, तालुक्याच्या मैदानावर हवी आहे.

नवेगाव बांधपासून ही सुरुवात करता येईल. एक शाळा, तिच्या आवारात तीन-तीन खेळाडूंचे एक मैदान, परिसरातलाच शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला एक मुलगा आणि एक मुलगी, त्यांना वर्षातून महिनाभर राजनांदगाव-भिलाईच्या जाणत्या प्रशिक्षकांकडे शिकायला पाठवण्याची सोय, जवळच्या आरोग्य केंद्राशी करार, ग्रामसभेची समिती आणि दहा वर्षांच्या पगाराची लेखी हमी. महाराष्ट्रात आज भरपूर कमावणारे खेळाडू आहेत, निवृत्त होऊन मानाने जगणारे आहेत, परदेशात स्थिरावलेली आणि गावासाठी काही करू पाहणारी मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी कोणी पुढे येणार असेल, तर त्यांनी आपल्या नावाचे मैदान बांधण्याआधी दोन प्रशिक्षकांचा पगार बांधून द्यावा. पाहुणे म्हणून एकदा आले नाहीत तरी चालेल. दहाव्या वर्षी तो पगार चालू असला पाहिजे.